एक तारखेची साखळी

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहाच्या आत आंघोळ, दाढी उरकून नववा फोनशेजारच्या खुर्चीत बसायचा. पाठ टेकायची नाही. रेडिओ बंद. बायकोने मिक्सर लावायचा नाही. एकदा त्याच्या मेहुण्याचा फोन नेमका त्या वेळी आला, तर "नंतर करा" म्हणून त्याने तो आपटला होता. मेहुणा पुढे दोन वर्षं दिसला की तोंड फिरवायचा.

बायको म्हणायची, "अहो, घराला आग लागली तर सांगायचं की साडेदहापर्यंत थांबायचं?"

"साडेदहा पूर्वी. आता दहा-पाचलाच मोकळा होतो. मंडळी तरतरीत झालीत."

नववा म्हणजे तळावरचा नऊ नंबर. लष्कराचा तो तळ गावापासून तीन तासांवर उघड्या माळावर होता. बंद होऊन सव्वीस वर्षं झाली. तिथल्या मशीनघरात चौदा माणसं होती आणि सगळ्या तळाची वीज त्या चौदा जणांच्या हातात होती. तिथे नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. इंजिनांच्या गदारोळात नाव ऐकू जात नाही, आकडा मात्र बोटांनी दाखवता येतो. एक नंबर म्हणजे उस्ताद, सगळ्यांचा वरिष्ठ. आठवा वेल्डर, नववा टर्नर, दहावा फिटर, अकरावा वायरमन.

तळावर अचानक बोलावणं आलं की निरोपाची साखळी सुरू व्हायची. उस्ताद दोन नंबरच्या दारावर तीन टकटक करायचा आणि तीन शब्द बोलायचा: "साखळी चालू आहे." आतल्याने दार उघडायचं नाही, तोंड उघडायचं नाही. आतून तीन टकटक करायची. म्हणजे ऐकलं. मग त्याने उठून तिसऱ्याच्या दारावर जायचं, तिसऱ्याने चौथ्याच्या. चौदावा शेवटी उस्तादाच्या दारावर येऊन तेच तीन शब्द बोलला की साखळी पुरी. खोलीत कोणी नसेल तर थांबायचं नाही, पुढचं दार गाठायचं. "दारात गप्पा मारणारा शिपाई आणि गळकी टाकी सारखीच," उस्ताद म्हणायचा. "दोन्ही रिकामी होतात आणि कळत नाही."

तळ बंद झाला त्या दिवशी उस्तादाने प्रत्येकाला चौदा फोन नंबर लिहून घ्यायला लावले. महिन्यातून एकदा, एक तारखेला, सकाळी दहा. नियम तेच. तीन रिंगमध्ये उचलला नाही तर पुढच्याला. चौदा माणसं चौदा गावांना पांगली, कोणी गिरणीत लागलं, कोणी दुकान टाकलं. नवव्याने एका कारखान्यात आणखी सोळा वर्षं लेथ चालवली. पण एक तारीख कोणाची चुकली नाही, निदान नवव्याची तरी.

त्याला आठव्याचा फोन यायचा. मग तो दहाव्याला लावायचा. पुढे निरोप दिला की कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने वेळ लिहायची. सगळ्यात वर होतं दहा-पस्तीस. काही वर्षांनी दहा-सत्तावीस, मग दहा-अठरा, दहा-अकरा. गेली तीन वर्षं सरळ दहा-चार. म्हाताऱ्या माणसांनी वेग वाढवला याचं नवव्याला कौतुक होतं. कारखान्यातल्या पोरांना तो हेच सांगत आला होता, की काम तेच असतं, फालतू हालचाल कमी झाली की वेळ वाचतो.

शिस्तीत तो स्वतः सगळ्यात कडक. तीन वर्षांपूर्वी आठवा एकदा घसरला. "साखळी चालू आहे. अरे नवव्या, ऐक ना, सातवा आहे ना, तो—"

"लाइनवर गप्पा नकोत," नववा म्हणाला आणि फोन ठेवला.

अकराव्यानेही एकदा तसंच केलं होतं. "दहाव्याचं कळलं का तुला?"

"त्याचं त्याच्यापाशी," नवव्याने ठेवला.

दहाव्याचं दुखणं जुनं होतं. मशीनघरात स्विचशेजारी एक फळी होती, तिच्यावर चौदा खिळे. इंजिनाच्या पोटात उतरणाऱ्याने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला लावायचा, बाहेर आला की काढून खिशात. फळीवर एकही बिल्ला असेल तर स्विचला हात लावायचा नाही, मग साहेब किती का ओरडेना. दहावा आणि नववा एका ताटात जेवणारे दोस्त. तरी एक दिवस पाच मिनिटांचंच काम म्हणून दहावा बिल्ला न लावता आत उतरला. फळी रिकामी बघून नवव्याने स्विचला हात घातला. तेवढ्यात त्याला इंजिनाच्या झडपेबाहेर बुटाची टाच दिसली.

नवव्याने तक्रार केली. दहाव्याच्या दंडावरची हुद्द्याची फीत गेली. त्यानंतर दोघांत बोलणं उरलं नाही. साखळीचे तीन शब्द तेवढे राहिले. नववा म्हणायचा, "साखळी चालू आहे," दहावा म्हणायचा, "ठीक," आणि ठेवायचा. हे वीस वर्षं चाललं. मग वर्षभर दहावा नुसता फोन उचलायचा आणि बोलायचा नाही. लाइनवर खरखर, टकटक असलं काहीबाही ऐकू यायचं. "बोलायचं नसेल तर नको बोलू," नववा म्हणायचा आणि अकराव्याला लावायचा. नंतर दहाव्याने फोन उचलणंच बंद केलं. पाच वर्षं झाली. नववा दर महिन्याला तीन रिंग द्यायचा आणि पुढे जायचा. मनात म्हणायचा, केवढा हा राग. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

त्या वर्षी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या की तळावरच्या उरलेल्या इमारती पाडणार. नवव्याने त्या दोनदा वाचल्या, मग एक तारखेला आयुष्यात पहिल्यांदा निरोपात शब्द वाढवले. "साखळी चालू आहे. पंधरा तारीख, सकाळी अकरा, मशीनघर. सगळ्यांनी यायचं. पुढे सांग."

अकराव्याने विचारलं, "कोणाला?"

"कोणाला म्हणजे? बाराव्याला. तो तेराव्याला सांगेल. नियम विसरलास की काय?"

"नाही," अकरावा म्हणाला. "येतो मी."

नववा कामाला लागला. भंगारवाल्याकडून पितळेचा पत्रा आणला. चौदा बिल्ले करायचे होते, जुन्या मापाचे. पत्रा व्हाइसमध्ये धरून करवतीने कापला. करवत ढकलताना कापते, ओढताना नुसती झिजते; हे ज्याला कळत नाही तो दुप्पट घाम गाळतो आणि निम्मं काम करतो. मग कानशीने कडा गोल केल्या, भोकं पाडली, आकड्यांचे ठसे मारले. ठशावर हातोडी एकदाच पडली पाहिजे. दुसऱ्यांदा मारलं की आकडा दुहेरी उठतो. दहाचा बिल्ला त्याने तीनदा केला. पहिल्या दोन्हींत खोट नव्हती, तरी बाजूला टाकले.

बायको दारात उभी राहून बघत होती. "चौदाही येणार म्हणालेत?"

"साखळी तुटली असती तर मला कळलं नसतं?"

"आणि तो दहावा? तो आला तर काय बोलणार आहात?"

नवव्याने कानस खाली ठेवली. "बिल्ला हातात देईन. म्हणेन, तुझा."

"एवढंच?"

"आणखी काय असतं?"

पण आणखी होतं. ते काय, हे त्याला बिल्ल्याएवढं नीट घडवता येत नव्हतं. तीस वर्षांत आलं नव्हतं. दहावा समोर उभा राहिला की आपोआप येईल, असं धरून तो चालला होता. ही सगळी खटपट खरं तर त्या एका माणसासाठी होती.

पंधरा तारखेला नववा साडेदहालाच मशीनघरात हजर झाला. खिडक्यांना काचा नव्हत्या. इंजिनं कधीच नेली होती. उरले होते सिमेंटचे ओटे आणि त्यांतून वर आलेले बोल्ट. जुन्या फळीच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन होता. तिथेच त्याने नवी फळी टेकवली आणि चौदा बिल्ले ओळीने लावले.

आठव्याला त्याच्या सुनेने मोटारीतून आणून सोडलं. वेल्डिंगने गेलेल्या डोळ्यांवर जाड भिंगं होती. अकरावा काठी टेकत आला. तिघांनी हात मिळवले. बिल्ले बघून अकराव्याने "अरे बापरे" म्हटलं आणि तोंड पुसलं.

अकरा वाजले. अकरा-दहा झाले.

"अकरा म्हणजे अकरा," नववा घड्याळ बघत म्हणाला. "बारावा पहिल्यापासून सुस्त. पण उस्ताद? उस्तादला उशीर?"

आठव्याने अकराव्याकडे पाहिलं. "तू सांग."

"तू सांग. तुझा नंबर आधीचा."

"नवव्या, जरा टेक त्या ओट्यावर."

"मी उभा ठीक आहे."

"उस्ताद वारला," आठवा म्हणाला. "चौदा वर्षं झाली."

नवव्याच्या तोंडून जे निघालं ते त्याचं त्यालाच परकं वाटलं. "मग साखळी कोण सुरू करतं?"

"दुसरा करायचा. तो गेल्यावर तिसरा. असं करत सातव्यापर्यंत आलं. सातवा गेला तेव्हापासून मी. दहा वाजले की तुला लावतो."

"तुला निरोप कोण देतं?"

"हा," आठव्याने अकराव्याकडे बोट केलं. "तू याला सांगतोस, हा मला सांगतो. झाली पुरी."

"बाराव्याला?"

"बारावा, तेरावा, चौदावा," अकरावा म्हणाला. "सगळ्यांना लावून बघायचो आधी. नंतर त्यांच्या घरच्यांनीच सांगितलं. आता सरळ आठव्याला लावतो. तिघं उरलोय रे आपण. तिघांचीच साखळी आहे."

नवव्याला कपाटाचं दार दिसलं. दहा-पस्तीस, दहा-सत्तावीस, दहा-अठरा, दहा-चार. ज्याला तो तरतरी म्हणत आला, त्यातली दर चार-पाच मिनिटं म्हणजे एकेक माणूस होता. तो दर महिन्याला पेन्सिल घासून ते लिहीत होता आणि वर खूश होत होता.

"मला सांगितलं का नाही?" तो ओरडला. रिकाम्या मशीनघरात आवाज दोनदा फिरला. "एवढी माणसं गेली आणि मला कोणी सांगत नाही?"

"सांगू दिलंस का?" आठवाही चढला. "सातवा गेला त्या दिवशी मी सांगायला गेलो, तर म्हणे लाइनवर गप्पा नकोत! फोन असा आपटलास की कान दुखला माझा. नंतर म्हटलं जाऊ दे, याला नियम प्यारे आहेत, माणसं काय येतात जातात."

"तसं नको बोलू रे," अकरावा म्हणाला.

"का नको? बोलतो. तीन वर्षं पोटात आहे ते."

नवव्याची नजर फळीवर होती. "दहावा?"

आठवा चष्मा काढून भिंगं पुसू लागला.

"दहावा, म्हटलं!"

"पाच वर्षं झाली," अकरावा हळू म्हणाला. "घशाचा आजार. त्याआधी वर्षभर गळ्यात नळी होती. वाचाच गेली होती. मुलगी फोन कानाला लावून धरायची म्हणे त्याच्या."

नववा ओट्यावर बसला.

"टकटक," तो म्हणाला.

"काय?"

"लाइनवर टकटक यायची. तीन वेळा. दर महिन्याला." त्याने अंगठ्याच्या नखाने बोल्टवर वाजवून दाखवलं, जसं सव्वीस वर्षांपूर्वी खोलीच्या दारामागून ऐकू यायचं तसं. "मला वाटलं लाइन खराब आहे. मी तक्रार केली. फोनवाल्यांचा माणूस आला, वायर बदलून गेला."

अकराव्याने वायरमन म्हणून सगळं आयुष्य काढलं होतं. वायर बदलल्याचं ऐकून तो हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही.

निघताना आठव्याने फळीवरचा आपला बिल्ला काढला, अकराव्याने त्याचा. नवव्याने नऊ आणि दहा काढले. बाकीचे दहा तसेच ठेवून फळी काखेत मारली. आठव्याची सून म्हणाली, "काका, मागच्या सीटवर ठेवा, मी सोडते स्टँडवर." तो बसला गाडीत, पण फळी मांडीवरच ठेवली.

आठवडाभरात बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यानेच सांगितलं. ऐकून ती पलंगाच्या कडेवर बसली. "अगंबाई," एवढंच म्हणाली. मग उठून तिने त्याचा चांगला सदरा काढला. "उद्या जा तिच्याकडे. बिल्ला कोटात ठेवून काय उबवणार आहात?"

पत्ता अकराव्याने दिला होता. दहाव्याची मुलगी दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत कपडे शिवायची. दार उघडंच होतं. खिडकीशी शिलाई मशीन, दोरीवर टाचलेले परकर, भिंतीला खिळ्यावर कात्री. कोपऱ्यात स्टुलावर जुना काळा फोन, धूळ पुसलेला.

"कोण हवंय?" तिने पायडलवरचा पाय न काढता विचारलं.

"मी तुझ्या वडिलांबरोबर तळावर होतो."

मशीन थांबलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही नऊ नंबर."

"कसं ओळखलंस?"

"आवाजावरून. वर्षभर ऐकलाय की. 'बोलायचं नसेल तर नको बोलू.'"

नवव्याला वाटलं, कोणी कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. त्याने दाराची चौकट धरली. "तो… रागवायचा?"

"बाबा? छे. हसायचे. हसले की गळ्यातली नळी वाजायची, मग मी ओरडायची, हसू नका. पाटी होती त्यांच्याकडे, लिहून बोलायचे." तिने दोरा दातांनी तोडला. "एकदा लिहिलं होतं, 'गाढव टकटक विसरलं. पण वेळेवर आहे.'"

नववा आत येऊन खाली जमिनीवरच बसला, चिंध्यांच्या ढिगाशेजारी. "मी पाच वर्षं फोन करतोय. उचलत का नव्हतीस, बाई?"

"पहिल्यांदा वाजला तेव्हा ते जाऊन बारा दिवस झाले होते. हात पुढे होईना. तीन वेळा वाजून थांबला. पुढच्या महिन्यात पुन्हा. मला वाटलं, तुमच्यात तशी रीतच असेल. माणूस नसला तरी दार वाजवायचं." तिने फोनकडे पाहिलं. "मोबाइल आहे माझ्याकडे. हा कधीच काढला असता. पण एक तारखेला वाजतो म्हणून ठेवलाय."

त्याने बिल्ला काढून दिला. जे बोलायचं होतं ते इथेही आलं नाही. तिने बिल्ला उलटापालटा केला, बोटाने कड चाचपली. "छान घासलाय," ती म्हणाली. हाताने काम करणाऱ्या बाईचं ते म्हणणं होतं. मग तिने तो कात्रीच्या खिळ्याला अडकवला.

जिना उतरताना तो मध्येच थांबला आणि परत वर गेला. "येत्या एक तारखेला उचल," दारातूनच म्हणाला.

एक तारखेला दहाला आठव्याचा फोन आला. "साखळी चालू आहे. जिवंत आहेस ना?"

"आहे. तू?"

"बघतो आणि सांगतो," आठवा म्हणाला आणि हसत ठेवला.

नवव्याने दहाचा नंबर फिरवला. एक रिंग. दोन. तिसरी अर्ध्यात तुटली. पलीकडे कोणी बोललं नाही. मग नखाने वाजवल्यासारखी, स्वच्छ, तीन वेळा टकटक आली.

त्याच्या तोंडचे तीन शब्द तोंडातच राहिले.

"काका?" ती म्हणाली. "चुकलं का माझं?"

"नाही," तो म्हणाला. "नाही, बरोबर आहे. ऐक. तुझ्या बापाची फीत माझ्यामुळे गेली, हे तुला माहीत आहे का?"

"नाही. सांगा ना."

तो सांगू लागला. बुटाच्या टाचेपासून सुरुवात केली. मध्ये पाठ खुर्चीला केव्हा टेकली त्याला कळलं नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि हळूच मागे गेली.

त्याने फोन ठेवला आणि तो लगेच खणखणला.

"कोण?" अकराव्याचा आवाज चिरकत होता. "कोण बोलतंय?"

"नऊ."

पलीकडून शिव्यांची सरबत्तीच सुटली. "अरे जिवंत आहेस तर लाइन कशाला अडवलीस लेका! दहा-पाच झाले, दहा-वीस झाले, लावतोय तर एंगेज. सव्वीस वर्षांत तुला एक मिनिट उशीर नाही. मी आठव्याला कळवलं, नववा गेला. तो म्हणतो आत्ताच बोललो. म्हटलं, मग आत्ताच गेला असेल, तो काय उशीर करणारा माणूस आहे? आठवा तिकडे बूट घालून बसलाय, सून गाडी काढतेय!"

"बोलत होतो."

"बोलत होतास? तू? कोणाशी?"

"दहा नंबरशी."

अकरावा खूप सावकाश म्हणाला, "नवव्या, बरं वाटतंय ना तुला? घरात कोणी आहे का?"

"आहे. तू आधी आठव्याला बूट काढायला सांग. मग मला परत लाव, सगळं सांगतो." फोन ठेवता ठेवता त्याला आठवलं. "आणि हे बघ. साखळी चालू आहे."

तो उठला, कपाट उघडलं. दहा-चारच्या लांबलचक रांगेखाली त्याने पेन्सिलने लिहिलं: दहा-बावन्न.

"लावू का मिक्सर?" आतून बायकोने विचारलं.

"थांब जरा," नववा म्हणाला. "अकराव्याचा फोन यायचाय."